परतीची ओळ

कर्जत-खालापुरात लोकरीचं काय काम, असं मला आयुष्यभर विचारलं गेलं. भाताचा मुलूख, चार महिने चिखल आणि उरलेले घामाचे. इथे स्वेटर घालतो कोण? मी सांगायची, पौषातल्या पहाटे दुधाचे कॅन सायकलला लावून घाटाखालच्या रस्त्याला निघून बघा. कर्जत स्टेशनात गाडीला मागून इंजिन लावून जी माणसं तिला घाटावर ढकलत नेतात, त्यांच्या पाठीला विचारा. आणि दुसरं कोणी नसलं तरी बारशाला टोपडं लागतंच.

मी सत्तावीस वर्षं मुलींना शिवण आणि विणकाम शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं कर्जतच्या शाळेत गेली आणि ती चांगली गेली. पण विणकाम म्हटलं की मला आठवतं ते त्याआधीचं दीड वर्ष, खालापूरचं. साठच्या दशकाचा शेवट होता, मी बावीस वर्षांची होते, आणि मला विणता येत नव्हतं.

मी कडावची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची शेवटची इयत्ता पाहिली नव्हती. हायस्कूलच्या सरांनी घरी येऊन वडिलांना गळ घातली नसती तर मीही लावणीच्या चिखलातच राहिले असते. त्या सरांचं ऋण मी आजही मानते. बी.ए.च्या पदवीचा कागद आला तेव्हा वडिलांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "ह्यात तुजं नाव कुठं हाय गं?" मी दाखवलं. त्यांनी बोट नावाजवळ नेलं, पण टेकवलं नाही. डाग पडेल म्हणून जरा वरच धरलं. छापलेल्या अक्षराबद्दलचा आदर मला त्या बोटाकडून मिळाला. पुढे त्यानंच माझा घात केला, पण ते नंतर.

खालापूरच्या एका महिला मंडळाकडे कुणीतरी दिलेली विणकामाच्या नमुन्यांची इंग्रजी पुस्तकं पेटीभर पडून होती. ती वाचणारं कोणी नव्हतं. अध्यक्षीणबाईंनी मला स्पष्टच सांगितलं, "विणणारी आहे आमच्याकडे. वाचणारी पाहिजे." पंधरा दिवस पुण्याला शिकून मी शिक्षिका म्हणून रुजू झाले.

विणणारी म्हणजे ताराबाई. खालापूरजवळच्या कुंभिवलीची, वय पस्तिशीचं. तिची नेमणूक मदतनीस म्हणून होती: वर्ग झाडायचा, पाणी भरायचं, सतरंजी घालायची. त्या काळची सातवी पास होती, पण वर्गातल्या बायका तिला नुसतं "तारे" अशी हाक मारायच्या. आणि अडलं की मात्र माझ्याकडे न येता तिच्याचकडे जायच्या.

ज्यांनी कधी सुया हातात धरल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट. उजव्या हातातल्या सुईनं डाव्या सुईवरचा एकेक टाका उचलायचा आणि आपल्याकडे घ्यायचा. ओळ संपली की काम वळवायचं, म्हणजे पाठीमागची बाजू समोर येते, आणि तिकडून उलट टाक्यांनी परत यायचं. सुलट ओळ जायची, उलट ओळ यायची. पुढून बघणाऱ्याला सगळं सुलटच दिसतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पुस्तकात हे सगळं आखून दिलेलं असतं: किती टाके घालायचे, कितव्या ओळीला किती कमी करायचे. मी ते मराठीत उतरवून घेतलं, मोठ्यानं वाचलं आणि त्याबरहुकूम पहिला स्वेटर स्वतः विणला, वर्गातल्या एकीच्या दोन वर्षांच्या मुलासाठी. नमुन्याच्या सुरुवातीला 'आधी लहानसा तुकडा विणून मोजून पाहा' असं लिहिलं होतं. दोन वर्षांचं माप छापलेलंच आहे, मग मोजायचं काय, असा विचार करून मी ते सोडून दिलं. आमच्या लोकरीचा पदर पुस्तकातल्या लोकरीपेक्षा जाड होता आणि सुया होत्या सायकलच्या तारा घासून केलेल्या. स्वेटर पोराच्या गुडघ्यापर्यंत आला.

ताराबाईनं पोराला त्यात घालून सगळ्या वर्गाला गोल फिरवून दाखवलं. "बाई, पुस्तकातलं पोर काय खातं हो?"

बायका हसल्या. मी म्हटलं, "पण मी एकही टाका चुकले नाही."

"तुमी नाय चुकला. पोर चुकलं." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "पुस्तक ऱ्हाऊ द्या जवळ. पर पोर बी जवळ घ्या. चार बोटांत किती टाके बसतात ते बघायचं, आन् पोराची छाती किती बोटं ती बघायची. मग पुस्तकातला आकडा खोडायचा न् आपला घालायचा."

छापील आकडा खोडायचा, ही गोष्ट मी तिच्याकडून शिकले. त्यानंतर माझ्या वहीत प्रत्येक नमुन्याचे दोन आकडे असायचे, पुस्तकाचा आणि आमचा. पुढे माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. 'ताराबाईचं माप' असं मात्र कधी म्हटलं नाही.

तिच्या हाताची गोष्ट कळली ती एका रेल्वेच्या फिटरमुळे. कर्जतच्या इंजिन शेडात कामाला होता, धिप्पाड माणूस, मिशा तेलकट. त्याला पुढून उघडा, बटणांचा स्वेटर हवा होता. मी नमुना वाचला, ताराबाईनं विणला, सुरेख झाला. आठ दिवसांत फिटर परत दारात.

"बाई, तुमी मला बायकांचा स्वेटर दिला काय? शेडात सगळे मला वैनी म्हनतात!"

पुरुषांच्या कपड्याला काजं डाव्या अंगाला असतात, बायकांच्या उजव्या. याची काजं उजव्या अंगाला आली होती.

ताराबाई म्हणाली, "बटनं हिकडची तिकडं. थंडीला काय कळतंय कुठली बाजू?"

"थंडीला नाय कळत गं बाय. शेडातल्या मानसांना कळतंय!"

"मग वैनी, चा घेणार का?"

तो स्वतःच हसायला लागला. दोन्ही पट्ट्या उसवून तिनं त्याला नव्या करून दिल्या. पण मी चक्रावले. वही काढून ओळ न् ओळ तपासली, सगळं बरोबर. तेव्हा पहिल्यांदा मी तिच्या हातांकडे नीट पाहिलं. टाके तिच्या उजव्या सुईवरून डाव्या सुईवर चालले होते. आरशात बघावं तसं.

पोरवयात ती खंडाळ्याला एका बंगल्यावर मूल सांभाळायला होती. तिथली म्हातारी पारशी बाई खुर्चीत बसून विणायची आणि ही समोर जमिनीवर. "बाईचा हात जिकडं हाले तिकडं माजा हाले," ताराबाईनं सांगितलं. समोरच्या माणसाचा उजवा तो आपला डावा. अशा रीतीनं ती पुरती शिकली, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आजवर तिनं टोपडी, मोजे आणि बंद गळ्याचे स्वेटरच केले होते. त्यांना डावं-उजवं नसतं. फिटरचा स्वेटर हा तिच्या हातून झालेला पहिला, ज्याला बाजू होती.

यातून एक गंमत निघाली. त्या हिवाळ्यात एका बंगल्यासाठी बाळाची पांघरायची शाल करायची होती. मी एक सुलट ओळ पूर्ण केली आणि पाणी प्यायला उठताना काम तिच्या हातात दिलं. न वळवता, तसंच. तिला वळवायची गरजच नव्हती. माझी ओळ जिथे संपली तिथून तिची सुरू झाली आणि ती उलट्या दिशेनं, पण सुलट टाक्यांनीच, परत आली. पहिल्या खेपेला टाके पिळले गेले. तिनं डोळ्यांजवळ धरून पाहिलं, ओळ उसवली, पुढच्या वेळी सुई मागच्या अंगानं घातली, आणि जमलं.

अख्खी शाल आम्ही तशी विणली. शेजारी शेजारी, ती माझ्या डाव्या हाताला. माझी ओळ जायची, तिची यायची. काम कधी वळलंच नाही, चांगली बाजू सदा आमच्याकडे. वेळ काही वाचत नव्हता. तिची ओळ चालू असली की मी पुढचं वाचून ठेवायची, माझी चालू असली की ती बोलायची: कुंभिवलीच्या रस्त्याला कोणता ट्रक कलंडला, जावेनं काय टोमणा मारला, खंडाळ्याच्या म्हातारीला धुकं आलं की रडू कसं यायचं. माझी ओळ घट्ट पडायची, परीक्षेला बसल्यासारखी. तिची जरा सैल, मऊ. शालीवर हात फिरवला की एकाआड एक ओळ वेगळी कळायची.

"एवढं आवळून काय धरता बाई? लोकर पळून नाय जायची," ती म्हणायची.

वर्षभरानं मला कर्जतच्या शाळेतून बोलावणं आलं. कायमची नोकरी होती. जाण्याआधी मी अध्यक्षीणबाईंना म्हटलं, माझ्या जागी ताराबाईला घ्या. त्या म्हणाल्या, "घेऊ की. पण परीक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे. जून उजाडायच्या आत आणलं तर जागा तिची." हस्तकलेची परीक्षा वर्षातून एकदाच होई, तीही अलिबागला. तीन महिने हातात होते.

मी तिला सांगितलं तेव्हा ती सतरंजी गुंडाळत होती. तशीच थांबली. "म्हंजे हजेरी मी घ्यायची?"

"हो."

"आन् त्या मला बाई म्हनतील?"

"म्हणावंच लागेल."

ती पुन्हा सतरंजी गुंडाळायला लागली. पण दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी पोचले तर रिकाम्या सतरंजीसमोर उभी राहून ती हजेरीपटातली नावं वाचत होती. प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होती. मला बघून तिनं पट मिटला आणि झाडू उचलला.

आता माझी चूक सांगते. परीक्षा म्हणजे पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकातल्या चित्रात काम करणारी सुई उजव्या हातात होती. मी ठरवलं, ताराबाईचा हात सरळ केला पाहिजे. आकडा खोडायला जिनं मला शिकवलं, तिच्यासाठी नमुना उलटा लिहून काढावा, डाव्याच्या जागी उजवं घालावं, हे मला सुचलं नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. परीक्षेला तिचाच हात चालेल का, हे कुणाला विचारावं हेही सुचलं नाही. मी तिच्या उजव्या मनगटाला लाल लोकर बांधली आणि तीन महिने शेजारी बसून तिला उजव्या सुईनं टाके उचलायला लावले.

"बाई, हे म्हंजे पुन्यांदा रांगायला शिकवता," ती म्हणायची. वर्गातल्या बायका चिडवायच्या, "तारे, तुजा हात शाळंत घातला काय?" ती हसण्यावारी न्यायची. हळूहळू तिला जमायला लागलं. टाके नीट, पण मुंगीच्या पावलानं. आमचं शेजारी बसून एक काम विणणं मी बंदच केलं. सवय मोडेल, म्हणून.

अलिबागला लेखी झालं, मग प्रत्यक्ष काम. तीन तासांत लहान मुलाच्या स्वेटरचा पुढचा एक भाग, तीन काजांसह. मी व्हरांड्यात उभी होते, खिडकीतून ती दिसत होती. पहिला तास ती माझ्या शिकवणीप्रमाणे विणत राहिली, ओठ घट्ट मिटून. मग शेजारणीचा तुकडा आपल्या दुप्पट झालेला तिनं पाहिला असावा. तिचे खांदे सैल झाले आणि हात आपोआप जुन्या वाटेला लागले. भराभर, पाण्यासारखे. दहा-बारा ओळी तशा गेल्या. एकदम तिचं लक्ष मनगटावरच्या लाल लोकरीकडे गेलं. तिनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे. आणि मी, बी.ए. झालेली बाई, मी मान हलवली. नाही म्हणून.

तिनं त्या सगळ्या ओळी उसवल्या आणि पुन्हा मुंगीच्या पावलानं सुरुवात केली. घंटा झाली तेव्हा तुकडा वीतभर होता आणि काज एकच.

परीक्षक बाई बाहेर आल्या तेव्हा मी पुढे होऊन रदबदली केली. म्हटलं, तिचा मूळचा हात उलटा आहे हो, म्हणून वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मग त्याच हातानं का नाही विणलं? आम्ही तुकडा बघतो, बाई. हात कोणता ते कुठे बघतो?"

त्या गेल्या. ताराबाई नळावर पाणी पीत होती.

परतीच्या एस.टी.त पेण येईपर्यंत ती मनगटावरची लोकर सोडवत होती. मग म्हणाली, "तुमी वाईट नका वाटून घेऊ. तुमच्या शिकवन्यात खोट नाय. माजाच हात रानटी."

मला तेव्हा बोलायला हवं होतं. परीक्षक बाईंचं वाक्य तिला सांगितलं असतं तर खालापूरची जागा गेली असती तरी पुढच्या वर्षी ती आपल्या हातानं परीक्षेला बसली असती, दुसरीकडे कुठे लागली असती. निदान आपला हात रानटी नाही हे तिला कळलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे चूक कोणाची हेही सांगावं लागलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

जूनमध्ये मी कर्जतला गेले. खालापूरला पनवेलची एक प्रमाणपत्रवाली मुलगी आली. ताराबाईनं दोन महिने तिच्यासाठी सतरंजी घातली आणि मग काम सोडलं, असं कळलं.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी एका लग्नाला जाताना कुंभिवलीला उतरले. हायवेच्या कडेला तिच्या दिराची चहाची टपरी होती. घाट चढणारे ट्रक तिथे थांबायचे, आणि बाकावर बसून ताराबाई ड्रायव्हर लोकांसाठी कानटोप्या विणायची. केस पांढरे झाले होते. मला बघून इतकी आनंदली की चहा सांगायला स्वतःच उठली.

मी मनाशी ठरवून गेले होते, आज सांगायचं. बोलायला धीर येईना म्हणून बाकावरची तिची टोपी उचलली. अजून कडा शिवायची होती, दोन सुयांवर सपाटच होती. मी सुलट ओळ विणली, आणि संपल्यावर जुन्या सवयीनं, न वळवता, तशीच तिच्यापुढे धरली.

तिनं घेतली. वळवली. सुई उजव्या हातात धरली आणि उलट टाक्यांनी, मुंगीच्या पावलानं, परतीची ओळ विणायला लागली.

मी विचारलं, "जुना हात कुठे गेला?"

"तो मोडला बाई. तुमी एवढे कष्ट घेतले, ते वाया का घालवू? सोडला तो सोडला." ओळ पुरी करून तिनं टोपी माझ्यापुढे केली. वहीतलं गणित दाखवणाऱ्या मुलीसारखी. "बघा, चुकलं काय?"

मी पाहिलं. एकही टाका चुकला नव्हता. सगळी ओळ घट्ट होती, माझ्यासारखी.

"बरोबर आहे," मी म्हणाले. आणि टोपी तिला परत दिली. हायवेवर ट्रकचे हॉर्न वाजत होते, चहा आला, आम्ही तो प्यायलो.

ताराबाई जाऊन आता खूप वर्षं झाली. निवृत्तीनंतर मी एक उद्योग केला. आरसा समोर ठेवून तिचा हात शिकले. वर्ष लागलं. आता मी काम वळवत नाही. सुलट ओळीनं जाते आणि सुया तशाच ठेवून, तिच्या हातानं, सुलट ओळीनं परत येते. चांगली बाजू सदा माझ्याकडे असते. दुपारी खिडकीत बसून विणते आणि परतीच्या ओळीला हात मुद्दाम सैल सोडून बघते. विणून झालं की कापडावर तळवा फिरवते, एकाआड एक ओळ वेगळी लागते का ते बघायला.

अजून लागत नाही. दोन्ही माझ्याच आहेत.